माझ्या वाट्याचा ओरडा

बाबा, तुमचा रंधा गेल्या शुक्रवारी तुमच्या जावयांनी आमच्या नातीला देऊन टाकला. मला विचारलंही नाही. इथे ओमानमध्ये, सहम गावातल्या फर्निचरच्या दुकानात शुक्रवारी सुट्टी, कुणी नसतं, म्हणून शटर अर्धं उघडून हे तिला शिकवत बसतात. मी डबा घेऊन गेले, तर दोघंही भुशाने माखलेली, आणि हे तिला म्हणतात, "घे पोरी, आता हा तुजा." तीच नात आता हे लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, आणि हिला मोबाइलवर मराठी अक्षरं सापडत नाहीत. "दादी, स्लो!" म्हणते. म्हटलं, लिही गो, तुझ्याच चुगल्या आहेत, नीट लिही.

खाडीकाठी तुम्ही होड्या बांधायचात. फळ्यांच्या फटीत ठोकायचा कापूस वळून देणं, एवढंच माझं काम. हे तेव्हा नवीनच शिकायला आलेले. लाकडाच्या रेषांच्या उलट रंधा मारतात, फळीचा टवका उडतो, आणि तुम्ही पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं ओरडता, "लाकूड काय तुज्या सासऱ्याचा हाय?" पुढे ते त्यांच्या सासऱ्याचंच निघालं, ती गोष्ट वेगळी. ओरडून झालं की यांचा हात धरून तुम्ही स्वतः रंधा चालवून दाखवायचात. एकदा मीही कापूस टाकून उठले आणि रंध्याला हात घातला. तुम्ही ओरडला नाहीत. हसलात, रंधा माझ्या हातातून अलगद काढून घेतलात, खिशातली लिमलेटची गोळी दिलीत. "जा गो बाय, हात कापशील. आईला चाय टाकायला सांग." गोळी गोड होती, पण तिचा राग अजून गेलेला नाही. लग्नातही तेच. मला बांगड्या, यांना रंधा. सगळे म्हणाले, सासऱ्याचा जावयावर काय जीव! मीही तेच म्हणत आले, जरा वेगळ्या सुरात.

आणि रंध्याला घेऊन हे फिरले तरी कुठे कुठे! खाडीत फायबरच्या होड्या आल्या, तसे हे ओमानला आले. आधी इमारतींच्या साइटवर स्लॅबच्या फळ्या ठोकल्या. मग सोहारच्या औद्योगिक वसाहतीत मशिनं भरायची खोकी केली. मग अल् खुवैरच्या फ्लॅटांत किचनची कपाटं, ज्यात लाकूड नावालाच, सगळा दाबलेला भुसा. तुमचा रंधा ट्रंकेत पडून. प्रत्येक कामाच्या पहिल्या दिवशी जेवताना यांचं एकच, "बाबांनी आज बगितला असता तर माजा कान पिळला असता." असं कौतुकाने सांगायचे, जसं काही कान पिळून घेणं म्हणजे बक्षीस. म्हातारपणी सहमच्या अर्बाबने, म्हणजे दुकानाच्या मालकाने, जुन्या घरांसारखे सागवानी दरवाजे करायला यांना बसवलं, तेव्हा रंधा ट्रंकेतून निघाला. त्या दिवशी हे चक्क तुमच्याशी बोलले, भर दुकानात, मोठ्याने. "बगा बाबा, आता तरी सरळ चालतो काय!" अहो, बाबा माझे तुम्ही! भाकऱ्या थापता थापता मी तुमच्याशी काय बोलायचं होतं?

आता ही पोरगी. शाळा सगळी इंग्रजीत, मराठीत चार शब्दांमागे एकदा अडखळते, आणि हिच्यावर हे ओरडतात! तुमच्यासारखेच, तुमच्याच शब्दांत. शुक्रवारी डबा ठेवताना मी मुद्दाम म्हटलं, "हात कापशील हो." ही मान वरसुद्धा न करता म्हणाली, "मग कापेल, दादी." हे उत्तर मला तेव्हा का नाही सुचलं?

आमच्या खोलीचा दरवाजा समुद्राच्या दमट हवेने फुगला होता, चौकटीत अडकायचा. घरात एवढा मोठा सुतार, पण रोज एकच, "उद्या, इन्शाल्ला." परवा दोघंही बाहेर गेली होती. रंधा हिच्या कपाटात होता. काल सकाळी दरवाजा एका बोटाने लागला. हे म्हणाले, "बगितलास? हवा बदलली." मी म्हटलं, असेल.

इथे हिचं बोट थांबलं. माझ्याकडे बघत उठली, दरवाजापाशी गेली. वरच्या कोपऱ्यावर मी ओढणी टाकून ठेवली होती, ती हातात घेऊन परत आली. "दादी! उलटा मारलास तू. केवढा टवका काढलास!" मग ही कमरेवर हात ठेवून, एकाही शब्दाला न अडखळता, अगदी तुमच्या आवाजात, माझ्यावर ओरडली, "लाकूड काय तुज्या सासऱ्याचा हाय?"

हे पत्र मोबाइलमध्येच राहू दे, यांना वाचून दाखवायचं नाही, असं तिला बजावलं आहे. आणि म्हटलं, काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, पुन्हा बोल. तिने पुन्हा ओरडून दाखवलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

बाबा, ऐकू पहिल्या वेळीच आलं होतं.