प्रमिलाच्या हातावरचे पंचवीस ठिपके

३ जानेवारी १९९४, जळगाव
धुळ्याच्या लीलाधरचा पेपर छापून आला. फोटोवरून माणसाची कातडी किती ताठ आहे ते मोजायचं. एम.एस्सी.ला हा माझ्या नोट्स वापरायचा. स्टाफरूममध्ये दिवसभर त्याचंच कौतुक. मला हेवा वाटत नाही. फक्त डबा तसाच परत आणला.

५ जानेवारी
पेपर तीनदा वाचला. अगदीच सोपं. कातडीवर शाईचे ठिपके काढायचे, चिकटपट्टी लावून हलकं ओढायचं, ओढण्याआधी आणि ओढल्यावर फोटो. ठिपके जितके कमी सरकले तितकी कातडी ताठ. हे मला ८२ सालीच सुचलं असणार, लिहून ठेवायचं राहिलं. संकल्प: मार्चपर्यंत माझा पेपर. जास्त अचूक.

९ जानेवारी, रविवार
सब्जेक्ट घरातच मिळाला. दिवाळीत स्टोव्ह भडकून बायकोचा, प्रमिलाचा, उजवा हात भाजला. मनगटाची कातडी आखडलीय, मूठ वळत नाही. डॉक्टर म्हणतात, मालिश करा, सैल होईल. होतेय की नाही ते मी आकड्यात सांगणार. ती म्हणाली, त्यापेक्षा मालिश करून द्या. रिसर्च म्हणजे काय ते तिला कळत नाही. ठिपके काढले, पंचवीस. फोटो काढले.

१६ जानेवारी
पुन्हा फोटो. ओढताना तिने हात हलवला. दुखतं म्हणे. लीलाधरच्या पेपरात दुखण्याबद्दल एक ओळ नाही. लपवतो लेकाचा.

२३ जानेवारी, रविवार
स्टुडिओतून सगळे फोटो धुऊन आले. निकाल: आठवडाभरात कातडी दुप्पट ताठ! लीलाधरला असं काही सापडलेलं नाही. प्रमिलाला आकडा सांगितला. ती रडली.
सायंकाळी ५: पहिल्या खेपेला कॅमेरा जवळ होता, दुसऱ्या खेपेला लांब. आकडा चुकलाय. उद्या सांगेन.

२४ जानेवारी
सांगायचं राहिलं. कॉलेजातून आलो तर घराला कुलूप. शेजारी चिठ्ठी: भटूबरोबर माहेरी धुळ्याला जाते, लीलाधरभाऊंना हात दाखवते. भटू म्हणजे माझा मेहुणा. माझा सब्जेक्ट, आणि परस्पर त्याच्याकडे!

२५ जानेवारी, धुळे
रजा टाकून सकाळची एसटी पकडली. फक्त त्याची पद्धत तपासायला.
त्याने हात टेकायला मऊ उशी ठेवलीय. दर वेळी ओढण्याआधी विचारतो, ओढू का? प्रमिलाशी अहिराणीत बोलतो. मला अहिराणी बोलता येत नाही. मोजून झाल्यावर म्हणाला, "वहिनी, बठ्ठं चांगलं शे." म्हणजे सगळं चांगलं आहे. दोन महिन्यांच्या जखमेला इतकी सैल कातडी त्याने क्वचित पाहिली म्हणे. ती हसली. दिवाळीपासून पहिल्यांदा. त्याच्यासमोर.
त्याने विचारलं, मालिश कोण करतं? ती म्हणाली, मीच, डाव्या हाताने. मी कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल विचारलं.
बाहेर आल्यावर माझी चूक तिला सांगितली.  ती म्हणाली, "तुमचा आकडा खरा मानून मी रविवारीच पोळपाट माळ्यावर टाकला."


२६ जानेवारी, धुळे
झेंडावंदनानंतर लीलाधर म्हणाला, थांबतोस का, तुझी मदत हवीय. सहलेखक म्हणून, हे मी लगेच ओळखलं. शर्टाची बाही वर करायला लावली. पन्नाशीच्या गटात निरोगी कातडी कमी पडत होती. मी एक्केचाळीसचा आहे. तो म्हणाला, चालेल, तसा दिसत नाहीस.
प्रमिलाने माझा हात दाबून धरला आणि हलू नका म्हणाली.
पेपरात नाव येईल का, विचारलं. नावं छापत नाहीत म्हणे. सब्जेक्ट क्रमांक अकरा.