शेंडा मोडल्यावर

३ फेब्रुवारी
बाबांनी आज वाटाण्याचा शेंडा मोडला. चुकून — खिडकी पुसताना बाही अडकली. तोंड एवढंसं झालं त्यांचं. माझे सासरे जन्मभर सुतारकाम करत आले. हातून काही मोडलेलं त्यांना खपत नाही. म्हटलं, "बाबा, प्रयोगशाळेत मी दिवसभर हेच तर करते. ब्लेडने."
"तुला पगार मिळतो त्याचा," म्हणाले.

५ फेब्रुवारी
जेवताना समजावून सांगितलं. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, खोडातून खाली उतरतं. त्याने खोड लांबतं आणि पानांच्या बगलेतले डोळे दबून राहतात. शेंडा गेला की डोळे फुटतात.
बाबा म्हणे, "म्हणजे साहेब रजेवर गेला की बाकीचे मान वर काढतात."
यापेक्षा सोपं मला वर्गातही जमलं नव्हतं.

९ फेब्रुवारी
बुटक्या वाटाण्यांना जिबरेलिन, उंची वाढवणारं दुसरं संप्रेरक, दिलं होतं. पेरी लांबून रोपं उंच झाली, बिनऔषधाची शेजारी ठेंगणीच. बघत उभी होते, तर काचवाले आले. आमच्याकडे काचेच्या नळ्या-चंबू बनवतात ते. नळी हातात दिली आणि "तोंड नीट बसतंय का बघा" म्हणावं त्याच सुरात म्हणाले, "माझ्याशी लग्न कराल?"
मी म्हटलं, "घरी विचारते."
एक्केचाळिसाव्या वर्षी! जीभ चावली.
पण खरंच, विचारायचं कसं? हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, माहेरी जा. माझाच पाय निघाला नाही. बाबा आणि मी, एकमेकांना जेवायला लावत लावत इथवर आलो. त्यांच्या लेकाच्या जागी दुसरा माणूस आणू, असं त्यांच्यासमोर बोलू?

१२ फेब्रुवारी
आज बोलणार होते. चहा गाळला, दूध घातलं, भाजीच्या भावावर बोलले.

१६ फेब्रुवारी
मोडक्या रोपाला दोन फुटवे आलेत. बाबांनी चष्मा लावून पाहिले, मग विचारलं, "कापल्या जागी तुझं ते ऑक्झिन चोपडलं असतं तर?"
"मग हे दबूनच राहिले असते. शेंडा जागेवर आहे असंच धरून चाललं असतं झाड."
बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग पिशवी घेऊन बाजारात गेले.

१७ फेब्रुवारी
काचवाल्यांनी पुन्हा विषय काढला नाही. नळी मात्र फारच सुबक केली आहे. कामाला लावायचा जीव होत नाही.

१९ फेब्रुवारी
सांगून टाकलं. खाली बघून, एका दमात.
बाबा म्हणाले, "तुला विचारायच्या आधी तो मला विचारून गेलाय, पोरी. मी तेव्हाच हो म्हटलं. फक्त बजावलं, माझी परवानगी आहे हे तिला कळू देऊ नकोस. नाहीतर माझ्या शब्दाखातर हो म्हणेल."