जांबोरीत माझं पथक हरवलं

४ जानेवारी
उद्या राष्ट्रीय जांबोरीला प्रस्थान. देशभरातले हजारो स्काउट एका माळावर तंबू ठोकणार, त्यात आमच्या शाळेचं पथक आणि पथकप्रमुख मी. भूगोल शिकवत असल्यामुळे नकाशा, दिशा वगैरे हातचा मळ. संकल्प : 'आदर्श पथकप्रमुख' पदक आणायचंच. आणखी एक : आवाज चढवायचा नाही.
कन्याही पथकात आहे. तिची अट अशी की छावणीत मी ओळख दाखवायची नाही, ती मला 'सर' म्हणणार. मान्य केली. शिस्तीच्या दृष्टीने बरंच. बायको म्हणाली, पोरीचं स्काउटमधलं शेवटचं वर्ष आहे, जरा तिचंही ऐका. ऐकतोच की! कधी नाही ऐकलं?

५ जानेवारी
पोचलो. आवाज चढवावा लागला. तंबूसाठी उंचवट्यावरची जागा निवडली. दृश्य फर्स्ट क्लास. कन्या म्हणाली, सर, इथे वारा फार लागेल. मी म्हणालो, वारा तब्येतीला चांगला. शेजारच्या पथकाच्या बाई झाडांच्या आडोशाला गेल्या. काही लोकांना दूरदृष्टीच नसते.

६ जानेवारी, पहाटे
तंबू उडाला. खुंट्या निकृष्ट दर्जाच्या.

दुपार
तंबू बाईंच्या चुलीजवळ सापडला. त्यांनी हसून परत दिला. भांडल्या असत्या तर इतकं लागलं नसतं. मुलांनी तो आडोशाला, बाईंच्या शेजारीच लावला. परवानगी मी दिली. लावून झाल्यावर दिली, पण दिली. आमच्यात एक भोंगा आहे. तो कुजबुजला तरी अख्ख्या माळाला ऐकू जातं. त्याने विचारलं, सर, आता दृश्याचं काय? दुर्लक्ष केलं.

७ जानेवारी
गाठींची स्पर्धा. मुलं चाचपडत होती, म्हणून त्यांना बाजूला सारून स्वतः बांधून दाखवली. अशी पक्की बसली की सुटेना. माझा अंगठा आत. परीक्षकांनी कात्री मागवली. आता गाठ पक्की असणं हा दोष कसा? शेवटून दुसरे आलो. म्हणजे शेवटचे नाही.
भात करपला. माझा काही संबंध नाही. मी फक्त जाळ वाढवा एवढंच म्हणालो होतो. कन्या दिवसभर तोंड फुगवून. आईवर गेली आहे.

८ जानेवारी, सकाळ
आज होकायंत्र घेऊन टेकडीवरच्या निशाणापर्यंत जायचं आणि परत यायचं. हा तर माझा विषय. झालं गेलं सगळं भरून काढणार.

संध्याकाळ
डोकं शांत ठेवून लिहितो. फाट्यावर मी उजवीकडे म्हणालो. कन्या म्हणाली, डावीकडे. सर, तुम्ही नकाशा उलटा धरलाय. सगळी मुलं तिच्या बाजूची. माझी सटकली. म्हणालो, मला दिशा शिकवतेस? तुला चालायला कोणी शिकवलं? म्हणजे ओळख दाखवली गेली, तीही सगळ्यांदेखत. तिचे डोळे भरले होते. मी ताडताड उजवीकडे निघालो. म्हटलं, येतील झक मारत मागून. बऱ्याच वेळाने वळून पाहिलं तर एकही जण नाही. पथक हरवलं होतं.

त्यांना शोधत वणवण केली. काटे, ढेकळं, मग एका चरात पाय मुरगळला. दगडावर बसून राहिलो. तेवढ्यात छावणीचा लाउडस्पीकर ऐकू आला. कोणी तरी हरवलं होतं. वर्णन : खाकी हाफपँट, पांढरट मिशा, स्वतःशीच बोलतात. मी म्हटलं, बिचारा! मग माइकवर दुसरा आवाज आला, रडवेला. बाबा, आहात तिथेच थांबा, आम्ही येतोय.
थांबलो. तसंही चालता येत नव्हतं.

सगळ्यांच्या पुढे धावत तीच आली. पाय बघितला, गळ्यातला स्कार्फ सोडून घट्ट बांधला. बाकीच्यांनी काठ्या आणि शर्टांचं स्ट्रेचर केलं. मी छावणीच्या पाण्याच्या टाकीमागेच बसलो होतो, हे भोंग्याने सगळ्या माळाला सांगितलं. मला तिला सॉरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, गाठ चुकली आहे. ती म्हणाली, नाही चुकली. खरंच चुकली नव्हती.

९ जानेवारी, सकाळ
आज समारोप. आमच्या पथकाला स्टेजवर बोलावणार असं पक्कं कळलंय! म्हणजे पदक. पाय ठणकतोय, तरी 'नेतृत्व : एक तपश्चर्या' या विषयावर छोटंसं भाषण तयार केलं.

संध्याकाळ
आदर्श पथकप्रमुख : शेजारच्या बाई. असो. आमच्या पथकाला उत्कृष्ट शोधकार्याचं पदक. मी भाषणाचा कागद घेऊन लंगडत पुढे झालो, तर छावणीप्रमुख अदबीने म्हणाले, सर, तुम्ही बोलू नका, फक्त आडवे व्हा. मुलं स्ट्रेचरचं प्रात्यक्षिक दाखवणार होती.
झालो आडवा. मुलांनी उचलून सबंध मैदानाला फेरी मारली. चारी बाजूंनी टाळ्या, शिट्ट्या. वर नुसतं आभाळ. एवढ्या टाळ्या मला उभ्या आयुष्यात पडल्या नव्हत्या. मीही हात हलवून सर्वांना अभिवादन केलं.
डोक्याशी काठी धरलेली कन्या वाकून हळूच म्हणाली, हात खाली घ्या, बेशुद्ध माणूस हात हलवत नाही.