काट्यावरची लाख

तीन स्क्रू निघाले, बाबा, चौथा झिजलेला होता. जालन्याच्या दुकानदारानं तो हळूच ठोकून सैल केला आणि आईच्या रेडिओची मागची फळी काढली. मी काउंटरला टेकून उभी होते. आत धूळ होती, एक वाळलेली पाल होती. त्यानं फुंकर मारली, भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्याचं काही बिघडलेलं नाही. काटा फिरू नये म्हणून कुणीतरी चाक चिकटवून टाकलंय." मग त्यानं रेडिओ माझ्याकडे वळवला. काट्याची दोरी ज्या चाकावरून जाते ते चाक आणि पत्र्याची चौकट यांच्यामध्ये लाल लाखेचा एक थेंब होता.

थेंब मी ओळखला. शाळा सुटली की मी तुमच्या पोस्टात येऊन बाकावर बसायचे. तुम्ही पार्सलं सील करताय. लाखेची कांडी मेणबत्तीवर धरता, एक थेंब पडू देता, मनगट अर्धं फिरवून कांडी उचलता. इतरांची लाख ओघळायची, तुमची कधी ओघळली नाही. पोस्टमास्तर असून ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी आणली नाही, असं मी तुमच्याबद्दल लोकांना सांगत आले. तुम्ही गेल्यावर तर जास्तच.

रेडिओ आईचा होता. तिच्या लग्नात माहेरून, वरवट बकालहून आलेला. मला कळायला लागलं तेव्हापासून त्यावर एकच केंद्र लागायचं. बातम्या, शेतमालाचे भाव, सकाळची भक्तिगीतं. बटण फिरवलं तर नुसतं फिरायचं. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "इथं एवढंच लागतं." सहावीत असताना मुली आदल्या दिवशी रेडिओवर लागलेल्या सिनेमाच्या गाण्यांबद्दल बोलत होत्या. मी म्हणाले, आपल्या गावात ती लागतच नाहीत. एक जण म्हणाली, "मंग आमच्या घरी का भूत गाते काय वं?" सगळ्या हसल्या. मी तुमची शपथ घेतली. त्या आणखी हसल्या. घरी येऊन मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही जेवत होतात. घास संपवून म्हणालात, "शपथ घेऊ नये." एवढंच. मी पुन्हा कधी शपथ घेतली नाही. तो तुमच्या शिस्तीचा भाग आहे असं समजून पुढे कॉलेजात शिकवताना मी तो नियम वर्गात मुलांनाही सांगितला.

दुकानदारानं चिमट्यानं लाख फोडली. काटा सरकला, पण आता त्या पट्टीवर खरखरीशिवाय फारसं काही नव्हतं. "वायफायवर चालणारा घ्या, जगातलं सगळं लागतं," असं म्हणून त्यानं दोन रेडिओ समोर ठेवले. एकाला नुसता काचेचा पडदा होता, सगळं फोनवरून करायचं. दुसऱ्याला गोल बटण होतं, हातानं फिरवायचं. शिवाय आवडीच्या केंद्रांसाठी सहा कळा, आणि फोनमधली गाणीही त्यावर वाजतात. आवाज पहिल्याचा चांगला होता. मी बटणाचा घेतला. का घेतला ते तुम्हाला सांगायला नको.

देऊळगाव राजाला घरी आल्यावर आईला लाखेचं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"मले मालूम व्हतं," ती म्हणाली.

"मग मला काऊन नाही सांगितलं?"

"तू त्याहीची लाडकी. तुले सांगून काय करू?"

मग तिनं सांगितलं. दुपारची वेळ. तुमचे ऑफिसातले दोघं बाहेरच्या खोलीत चहा पिताहेत. ती आत भाकरी थापत रेडिओबरोबर गातेय. त्यांतला एक म्हणतो, "मास्तर, तुमच्या घरी तर तमाशाची पार्टी हाय." दोघं हसतात. दुसऱ्या दिवशी काटा अडकलेला असतो. "त्याहीनं मले काई म्हटलं नाही," आई म्हणाली. "म्हटलं असतं तं मी भांडली असती." मेथीच्या काड्या गोळा करून ती उठली. माझी आई गात होती, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

नवीन रेडिओ तिला दोन दिवसांत वापरता यायला लागला. तिला कळा नकोत, बटणच हवं. फिरवते, थांबते, कुठल्याशा देशातलं काहीतरी ऐकते, "हे कोन कोकलून राह्यलं वं?" म्हणते आणि पुढे जाते. मग एखादं जुनं गाणं सापडतं. ते सापडलं की ती गाते. आवाज फाटला आहे, पण सुरात आहे. मी दारात उभी राहून ऐकलं. तुमचा इतका राग मला कधीच आला नव्हता. तुम्ही तिच्याकडून काय घेतलंत ते मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि मला तुमच्यासाठी साक्षीला उभं केलंत, तेही माझ्या नकळत.

हे पत्र इथं संपायला हवं होतं.

आज दुपारी कॉलेजची मीटिंग होती, घरून, लॅपटॉपवर. मी बोलत असताना आत आईला गाणं सापडलं. प्राचार्यांनी मला थांबवलं. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, कुणाकडं कार्यक्रम आहे का?" चौकटीतले चेहरे हसले. मी म्हणाले, "शेजारी लावलंय."

मीटिंग संपल्यावर मी फोनमध्ये रेडिओचं ॲप उघडलं. त्यात बटण बंद करायची सोय आहे. मग फक्त कळा चालतात, आणि कळांवर मी भरलेली सहा केंद्रं. उद्या सकाळी परत मीटिंग आहे, तेवढ्यापुरतं, असं मी स्वतःशी म्हणाले. बोट टेकवलं. काही ओघळलं नाही. हे पत्र लिहायला मी त्यानंतर बसले, आधी नाही.

हे शेवटचं दुसऱ्या दिवशी लिहितेय. सकाळी मीटिंग रद्द झाल्याचा निरोप आला. आई चहा घेऊन रेडिओजवळ बसली. तिनं बटण फिरवलं, परत फिरवलं. "बिघडला का वं?" तिनं विचारलं. फोन माझ्या हातातच होता. मी म्हणाले, "इथं एवढंच लागतं, आई." तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बटणावरचा हात काढून घेतला आणि चहा प्यायली.