अकराव्या तारेवरची फुंकर

प्रिय आईस,
लेकीचा मनापासून नमस्कार.

नोकरी पक्की झाली! परीक्षेत तासाभरात इंटरनेटचा प्रकाश वाहून नेणाऱ्या केसाएवढ्या काचेच्या तारांना बारा कनेक्टर बसवायचे होते. अकरावी तार पुसून झाल्यावर मी सवयीने तिच्यावर फुंकर मारली. फुंकरीची ओल राहिली की प्रकाश अडतो. कुणी पाहिलं नव्हतं, तरी मी ते टोक कापून नव्याने केलं. त्यात वेळ संपला आणि बारावा कनेक्टर राहिला.

सुपरवायझर म्हणाले, "अगं, धडधाकट तार का कापलीस?"

"फुंकर मारली होती, साहेब."

"मग बारावा सोमवारी येऊन बसव. कामावरच ये!"

आई, दिसेल तेवढंच नीट करणाऱ्यांची जगात गर्दी आहे. तू मात्र अस्तराआडची वाकडी शिवणही उसवायचीस, आणि मी चिडायचे. हे सारं तुझंच देणं आहे!

डोळे थोडे चुरचुरतात, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

तुझी धाकटी