रुमाल टाकलेली खुर्ची

सोमवार, ४ तारीख
पोहोचलो. अंग आंबलंय, पण मन सकाळच्या शाळेला निघाल्यासारखं ताजं आहे. ताईच्या गावाला गाडी दिवसातून एकच, दुपारी चारला. आणि आजची रद्द. पुलाचं काम निघालंय म्हणे. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, आजोबा, उद्या नक्की, आज गाव बघून घ्या. शुक्रवारी ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. तिनं डॉक्टरांना बजावलंय, धाकटा भाऊ शेजारी उभा राहिल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही. वय ऐंशी, हट्ट आठ वर्षांचा.

प्रवासात पैसा न मोडता पाठ टेकायला जागा शोधणं ही माझी जुनी विद्या. बागेत बाकावर आडवा झालो, तर रखवालदारानं शिट्टी फुंकली. दवाखान्याच्या ओसरीत पंखा झकास होता, पण नर्स माझा रक्तदाब मोजायला आली. तिथून काढता पाय घेतला. शेवटी स्टँडमागे वाचनालय सापडलं. वरच्या मजल्यावर उंच खिडक्या, हातांच्या लाकडी खुर्च्या, टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. सात-आठ म्हातारे तोंडापुढे पेपर धरून बसलेले. दोन तास गाढ झोपलो. स्वप्नात चौथीचा वर्ग होता. ताई कवितेची एक ओळ म्हणत होती, पुढची मी. रात्रीला स्टँडचा बाक आहेच.

मंगळवार, ५
सकाळी पुन्हा तीच खुर्ची. चहाला निघताना कोणी बळकावू नये म्हणून तिच्यावर रुमाल टाकला, गाडीत टाकतो तसा. टेबलामागे एक पिकल्या केसांच्या बाई बसतात, बोलणं सायीसारखं मऊ. त्यांनी विचारलं, रुमाल टाकलात म्हणजे परत येणार ना? मी हसून म्हटलं, येणार तर, शब्द दिला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला. हौशी दिसतात.

साडेतीनला निघालो. गाडी मिळाली, खिडकी मिळाली, तिकीटही काढलं. पुलापाशी जरा डोळा लागला.

जागा झालो तो याच खुर्चीत. घड्याळात सहा. खिशात तिकीट आहे, कंडक्टरनं छिद्र पाडलेलं. थकवा, दुसरं काय. दिवस आहेत अजून.

बुधवार, ६
आज गाडीत बसलोच नाही. दांडा धरून उभा राहिलो आणि झोप येऊ नये म्हणून शाळेतल्या कविता म्हणत राहिलो. तिसऱ्या कवितेचं दुसरं कडवं आठवेना. साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा. ते आठवत होतो आणि —

खुर्ची.

रुमाल उचलायला गेलो. निघत नाही. चिकटलेला नाही, लाकडातच विणला गेलाय. शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीखालूनही चौकड्यांच्या रुमालाचा काठ डोकावतोय. त्याचा पेपर वाचला. अकरा वर्षांपूर्वीचा. बुटांवर बोट बुडेल एवढी धूळ. मला वाटलं, गेलाय. मग त्याचे डोळे माझ्याकडे वळले.

गुरुवार असावा
उठवत नाही. कमरेखाली काही नाहीच जणू. उजवा हात तेवढा चालतो.

फोन वाजला. ताई. माझा आवाज फुटेना. बाईंनी हलकेच फोन काढून घेतला. इथे बोलायचं नसतं म्हणाल्या, आणि ताईला सांगितलं की भाऊ इथेच आहेत, छान विसावलेत. पलीकडून ताई तापलेली ऐकू येत होती, सगळी कामं सोडून विसावलाय कसला म्हणून. तिथेच थांबवा त्याला, मी येऊन कान पिळते, म्हणाली.

बाईंनी पत्ता दिला. दोनदा सांगितला.

तारीख नाही
दाढी हाताला लागते. शुक्रवार गेला. ऑपरेशन झालं नसणार, मी नव्हतो —

येऊ नको. ताई, रुसून बस घरी.

डावीकडची खुर्ची बाईंनी आज पुसून ठेवली. तिथला म्हातारा काल होता.

दुपार
जिन्यावर काठी. पायरी चाचपून, थांबून, पुन्हा. तिला धूसरच दिसतं.

आली. माझ्यासमोर उभी आहे आणि हाका मारते आहे. घसा फाडतो, आवाज नाही. मोठ्या अक्षरांत लिहिलं, ताई बसू नको, पळ. वही तिच्यापुढे धरली. ती डोळे कागदाशी आणते, मान हलवते. नाही वाचता येत.

बाई वाकून वाचतात. तिला सांगतात, भाऊंनी लिहिलंय, लांबून आलीस, दमली असशील, टेक जरा.

हे मी लिहिलं नाही. ताई, मी हे —

ती म्हणते, दोनच मिनिटं हं. काठी भिंतीला लावली. खुर्चीची पाठ चाचपते आहे.

माझ्याकडे बघ. माझा हात, ताई, हात धर, चारची गाडी अजून —