हॅम्बुर्गचे दोन दिवस

महाड,
रविवार, १६ सप्टेंबर १९६२

प्रिय हेरंब,

गौरी-गणपती पाण्यात गेले आणि दुसऱ्याच दिवशी तुझं जाडजूड पाकीट आलं. घर नुकतंच रिकामं झालेलं, मखराचे कागद अजून भिंतीला तसेच, आणि पोस्टमन पेठेतूनच सांगत सुटलेला की वकिलांकडे जर्मनीचं पत्र आहे. तुझं पत्र आमच्याकडे एकट्याने वाचायची सोयच नाही. दादा कोर्टातून येईपर्यंत मी ते फोडत नाही, आणि तोवर ओटीवर माणसं जमलेली असतात. त्या दिवशी वरंधचा सयाजी तांदूळ घालायला आला होता, तोही बैल सोडून बसला. बनुबाईने चुलीवरचं आधण उतरवून ठेवलं. आणि दासगावहून हफिजा आली होती. ती पायरीवरच बसली. तिला वर ये म्हटलं की ती नेहमी म्हणते, "हितं बरं वारं लागतं, बाई." ती कशासाठी आली होती ते तुला सांगायला नको. फेब्रुवारीत हॅम्बुर्गला समुद्र शिरला, माणसं वाहून गेली, हे तिला बोटीवरच्या लोकांकडून कळलं, तेव्हापासून तिला एकच घोर लागला होता. तिच्या नवऱ्याची, रमजानची कबर पाण्यात गेली की राहिली. पाच वर्षांमागे बोटीवर खलाशी असताना त्याला तिथल्या बंदरात न्युमोनिया झाला, तिथेच त्याला ठेवलं, आणि कंपनीच्या चार ओळींपलीकडे तिला काही समजलं नाही. या घरातलं कुणीतरी त्या देशात गेलं आहे, एवढाच तिचा आधार.

पत्र मी वाचलं. माझा आवाज अजून खणखणीत आहे, ती पाचगणीच्या शाळेतल्या सिस्टर्सची कृपा. शनिवारी पहाटे डीटरच्या छोट्या मोटारीत तुम्ही चौघे कोंबून बसलात, वेंकटेशनचे पाय कुठेच मावेनात म्हणून त्याने ते खिडकीबाहेर काढले आणि पोलिसाने शिट्टी मारली, इथे दादासुद्धा हसले. ते हसले की ओटीवर सगळ्यांनाच हसायला मोकळीक मिळते. मग एल्ब नदीखालचा तो बोगदा. मोटार पाळण्यात घालून खाली उतरवतात आणि नदीच्या पोटातून पलीकडे नेतात, हे मी दोनदा वाचलं, कारण बनुबाईचा विश्वास बसेना. ती म्हणाली, "वरून पानी गळत नाय काय?" तर सयाजी म्हणाला, "तुज्या घराचं छप्पर गळतंय म्हनून सायबाचं बी गळल व्हय?" बनुबाई म्हणाली, "छप्पर गळतंय, कारन शाकारायला तूच आलावतास." पुढे जरा वेळ पत्र बाजूलाच राहिलं.

रविवारचा मासळीबाजार सगळ्यांना आवडला. पहाटे उठून देवळाआधी मासळी घ्यायला जाणारे लोक म्हणजे आपल्यातलेच, असं सयाजीचं मत पडलं. विक्रेता ओरडून ओरडून एका माशावर दुसरा फुकट देतो, आणि तू भूक लागली म्हणून पावात घातलेला खारवलेला मासा घेतलास आणि तो कच्चा निघाला, हे वाचताना बनुबाईने पदर तोंडाला लावला. मग तू भिंतींवरच्या पुराच्या रेघेबद्दल लिहिलंस, माणसाच्या छातीएवढी उंच. आपल्या बाजारपेठेत अशा रेघा कुणी नव्याने बघत नाही, पण परक्या मुलखातही पाणी उतरल्यावर तसाच गाळ राहतो आणि लोक तसेच बादल्या घेऊन दुकानं धुतात, याचं सगळ्यांना कुठेतरी बरं वाटलं. हफिजाने तेवढ्यात पायरीवरून विचारलं, "आनी कबरस्तान?"

पुढच्याच पानावर ते होतं. तू लिहिलंस की शहराबाहेर मोठी दफनभूमी आहे, पूर तिथवर गेला नाही. रविवारी दुपारी तुम्ही गेलात. कबर एका मोठ्या झाडाखाली आहे, स्वच्छ आहे, तिथे शांतता आहे. हफिजाने दिलेली माती तू आपल्या हाताने घातलीस. मी वाचत गेले. एकाही शब्दाला अडखळले नाही. पत्राच्या शेवटी तू सगळ्यांना नमस्कार लिहितोस तोही वाचला, आणि कागदाची घडी घातली.

हेरंब, ती माती आषाढापासून माझ्या कपाटात होती.

तुझ्या जुन्या करड्या कोटाला वाळवी लागू नये म्हणून तो बाहेर काढला होता. मुंबईला नवा शिवल्यावर तो तू इकडे परत पाठवलास तोच. आतल्या खिशात पुरचुंडी होती. हफिजानेच शिवलेली, रमजानच्या निळ्या सदऱ्याच्या कापडाची. दासगावच्या बंदरावर उभी राहून तिने सावित्रीच्या काठची माती तीन मुठी त्यात भरली, तेव्हा मी तिच्याशेजारी होते. त्यांच्यात जवळच्या प्रत्येकाने कबरीवर तीन मुठी माती द्यायची असते. बायका तिथे जात नाहीत, त्या घरून देतात, कुणाच्या तरी हातून. तिच्या नवऱ्याला सगळी माती अनोळखी हातांनी दिली. तिची द्यायची राहून गेली, म्हणून ती तुझ्या हाती दिली. सापडली तेव्हाच मी तुला लिहिणार होते की विसरलास, पण घाबरू नकोस, पाठवते. पावसाने टपाल रखडलं, मग गणपतीची गडबड, आणि मग तुझंच पत्र आलं.

तुला वाटेल, पुरचुंडी सापडली नसती तर आत्याला कळलं नसतं. मला वाटतं कळलं असतं. आम्ही पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढून पाचगणीला शिकायला गेलो, तेव्हा दर रविवारी घरी पत्र लिहावं लागे, आणि ते पाकिटात जाण्याआधी सिस्टर वाचत. मी तापाने फणफणले असतानाही लिहिलं होतं, इथे हवा छान आहे, झाडं मोठी आहेत, शांतता आहे. आमच्या वर्गातल्या सगळ्या मुली तसंच लिहीत. बाबांनी ते पत्र वाचलं आणि चौथ्या दिवशी घोडं करून ते वर आले. मी विचारलं, कसं कळलं, तर म्हणाले, तू झाडाचं नाव लिहिलं नाहीस. तुझ्या पत्रात मासळीवाल्याच्या मिशा आहेत, वेंकटेशनच्या भोक पडलेल्या मोज्याचा रंग आहे. फक्त त्या एका पानावर नुसतं मोठं झाड आहे आणि शांतता आहे.

मला राग आलेला नाही, हे आधी मनात घट्ट धर. मी तुझ्या जागी स्वतःला पुष्कळदा ठेवून पाहिलं. वय बावीस, महिनोन् महिने अभ्यास, आणि मग दोन दिवस मित्रांची मोटार. रविवारी दुपारी बाकीचे तिघे बोटीतून बंदर बघायला निघालेले असताना मला कबरस्तानात जायचंय असं म्हणायला जीभ वळत नाही. शिवाय खिशात माती नाही. रिकाम्या हाताने कुठे जायचं, असं तुला वाटलं असेल. म्हणजे तुला लाज वाटली, आणि लाज वाटणाऱ्या मुलावर मी कधी रागावले आहे का? तू तिला बरं वाटावं म्हणून लिहिलंस, हेही मला कळतं. आणि तिला बरं वाटलं. ते तुला कळायला हवं म्हणून सांगते.

ती पायरीवरून उठली आणि पहिल्यांदा ओटीवर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाई, झाड हाय म्हनता ना? मंग झालं. त्यांना उन्हाचा लई तरास व्हायचा." ते पान तिने माझ्याकडून आणखी दोनदा वाचून घेतलं. परवाच्या शुक्रवारी तिने त्याच्या नावाने फातेहा केला. मला आणि बनुबाईला बोलावणं होतं. तांदळाची खीर केली होती, शेजारच्या बायका आल्या होत्या, मौलवी पढून गेले. पाच वर्षांत तिच्या घरी मी तिला अशी मोकळी पाहिली नव्हती. तिची शिवणाची मशीन तिने कोपऱ्यात ढकलली होती आणि त्या जागी चटई घातली होती. बदरुन्निसा म्हणून तिची जाऊ आहे, जिभेची तिखट, ती म्हणाली, "हफिजानं आज मला दोनदा खीर वाढली, आता पाऊस थांबतोय बघा." सगळ्या हसल्या. हफिजाही हसली. मी खीर खाल्ली. मी तिला काही सांगितलं नाही, आणि दादांनाही नाही. ते तुला इंग्रजीत तीन पानं लिहितील आणि तू दोन महिने जेवणार नाहीस.

या पाकिटात कागदाची एक लहान घडी आहे, ती जपून उघड. तीन मुठी पाकिटात जात नाहीत, म्हणून पुरचुंडीतून तीन चिमटी घेतल्या. बाकीची माती मी काल दासगावला जाऊन सावित्रीच्या काठी परत ठेवून आले. कापड धुऊन माझ्याजवळ ठेवलं आहे, त्याची काळजी करू नकोस.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगते. खिरीच्या दिवशी रमजानचा धाकटा भाऊ रऊफ तिथे होता. त्याला या खेपेला हॅम्बुर्गची बोट लागली आहे. महिनाअखेर मुंबईहून सुटेल आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पोचेल. हफिजाने माझ्यादेखत त्याला सांगितलं, "वकिलाच्या पोराला तार कर. त्याला जागा म्हायतीय, तो तुला नेईल." रऊफने माझ्याकडून तुझा पत्ता लिहून घेतला. मी लिहून दिला, नाही कसं म्हणणार? तेव्हा बाळा, हे पत्र मिळालं की पुढच्याच शनिवारी जा. मित्रांना नको नेऊस, या वेळी एकट्यानेच आगगाडीने जा. बंदरावर खलाशांसाठी एखादं घर असेल, इस्पितळ असेल, तिथे विचार. रमजान, राहणार दासगाव, सत्तावन्नच्या जानेवारीत वारला. जर्मन लोक सगळ्याची नोंद ठेवतात असं तूच लिहीत असतोस. सापडली तर माती दे आणि थोडा वेळ बसून ये, रस्ता नीट लक्षात ठेव. नाहीच सापडली, तर रऊफला बोटीवर जाऊन तूच तोंडाने सांग, आणि मग दोघे मिळून शोधा. त्यानंतर हफिजाला मी सांगेन. पण मला वाटतं, सापडेल. रऊफ फारसा बोलत नाही, इंग्रजीही त्याला बेताचीच येते, आणि भावाच्या कबरीकडे तो पहिल्यांदाच निघाला आहे. तो तुझ्या मागून चालत येईल. वाटेत कुणाला विचारण्यासाठी त्याला थांबावं लागू नये, एवढं तुझ्याकडून होईल ना?

तुझीच, जराही न रागावलेली,
माईआत्या